साठ अर्ज करणारा बंदी

या महिन्यात कारागृहांतील तक्रारींविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : मी जिल्हा कारागृहात तुरुंगाधिकारी आहे. एका न्यायाधीन बंदीने (खटला अजून सुरू असलेल्या कैद्याने) चार महिन्यांत साठावर अर्ज दिले. डाळ पातळ आहे, पंखा बंद आहे, मुलाखतीला (नातेवाइकांच्या भेटीला) वेळ कमी देतात, वॉर्डर उद्धट बोलतो, आणि फिरून पुन्हा डाळ. प्रत्येकाच्या प्रती कोर्टाला आणि मानवी हक्क आयोगाला जातात. दोन माणसे नुसते खुलासे लिहिण्यात अडकली आहेत. त्याला कागद देणे थांबवावे का? की 'सवयीचा तक्रारदार' असा शेरा मारून पुढचे अर्ज सरळ दप्तरी दाखल करावेत?

उत्तर : दोन्ही करू नका. कागद बंद केलात, तर एकसष्टावी तक्रार 'मला कागद देत नाहीत' अशी येईल आणि ती शंभर टक्के खरी असेल. शेरा मारलात, तर पुढचा अर्ज कुणी उघडून वाचणारच नाही. खरा धोका तिथे आहे.

आधी एखादी दुपार मोकळी काढा आणि साठही अर्ज टेबलावर मांडून एक तक्ता आखा. रकाने असे : आवक क्रमांक, तारीख, मुद्दा, हाच मुद्दा आधी कधी आला होता, काय तपासले, लेखी उत्तर काय दिले, ते बंदीच्या हाती कधी पडले. मोजायचे ते मुद्दे, अर्ज नव्हेत. एका अर्जात चार मुद्दे असतील तर चार ओळी करा. साठ अर्जांतून सहसा आठ-दहाच मुद्दे निघतात. आणि तक्ता पुरा झाला की शेवटचे दोन रकाने जवळजवळ कोरे दिसतात. साठ अर्ज होण्याचे पहिले कारण तेच. 'आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे' हे उत्तर नव्हे. त्यातून पुढचाच अर्ज निघतो. उत्तर म्हणजे : 'अमुक तारखेच्या डाळीबद्दल आपली तक्रार होती. त्या दिवशी कोठीतून निघालेल्या डाळीचे वजन आणि त्या दिवसाची बंदीसंख्या ताडून पाहिली. डाळ इतके किलो कमी निघाली होती. पुढच्या दिवसापासून वजन तुरुंगाधिकाऱ्यासमोर होते.' किंवा : 'वजन बरोबर होते, त्यामुळे बदल केलेला नाही.' नकारही चालतो, पण काय पाहिले ते त्यात दिसले पाहिजे.

मग मुद्द्यांची वर्गवारी करा. जीव आणि शरीर यांच्याशी संबंधित मुद्दे, म्हणजे मारहाण, लैंगिक छळ, औषध न मिळणे, आत्महत्येचे बोलणे, त्याच दिवशी, तासाभरात अधीक्षकांपुढे गेले पाहिजेत. तारखेशी बांधलेले मुद्दे, म्हणजे कोर्टात हजेरी, अपिलाची मुदत, जामिनाची कागदपत्रे, संचित किंवा अभिवचन रजेचा (फर्लो किंवा पॅरोलचा) अर्ज, दुसऱ्या दिवसापर्यंत न्यायिक विभागाकडे जावेत. मुदत टळली की नंतर दिलेल्या उत्तराचा काही उपयोग उरत नाही. बाकी पंखा, अंथरूण, कँटीन, मनीऑर्डर हे आठवड्याच्या गतीने चालले तरी चालते.

वर्गवारीसाठी अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा लागतो. पाच ओळी डाळीवर आणि सहाव्या ओळीत 'डावा पाय गुडघ्यापर्यंत सुजला आहे, गोळी बदलली तरी उतरत नाही' असा अर्ज हमखास येतो. लिहिणाऱ्याला महत्त्वाचे आधी लिहायची सवय नसते. वाचणारा पहिल्या ओळीवरच 'पुन्हा डाळ' म्हणून बाजूला ठेवतो, आणि पाय तसाच राहतो.

पुन्हा आलेल्या अर्जाला एकच कसोटी लावा : यात नवी तारीख, नवा माणूस किंवा नवी दुखापत आहे का? नसेल तर तो मूळ क्रमांकाला जोडा आणि एका ओळीत कळवा की 'या मुद्द्याचे उत्तर अमुक तारखेला दिले आहे, त्यानंतरचे नवे काही असल्यास लिहावे.' असेल तर नवा क्रमांक आणि नवी चौकशी. जोडीला आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी, वीस मिनिटे त्याला समोर बसवून तक्ता वाचून दाखवा. बसणारा अधिकारी दर वेळी तोच असावा, आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो नक्कीच नसावा. आपले म्हणणे अमुक दिवशी ऐकले जाणार अशी खात्री झाली की बहुतेकांचे लिहिणे आपोआप कमी होते.

नाहीच झाले, तर कारण शोधा. अक्षर बघा. पाच बंद्यांचे अर्ज एकाच हस्ताक्षरात आणि एकाच मायन्यात असतील, तर बराकीत कुणीतरी लिहून देतो आहे, कदाचित कँटीनच्या सामानाच्या बदल्यात. त्या पाचही जणांना वेगवेगळे विचारा, कारण काहींना आपल्या नावावर काय गेले हेच ठाऊक नसते. अर्ज झडतीनंतर किंवा बदलीच्या आदेशानंतर लगेच सुरू झाले असतील, तर त्याची नोंद घ्या, पण त्यावरून निष्कर्ष काढू नका. झडतीतच मारहाण झाली असेल तर अर्ज झडतीनंतरच येणार. आणि जेवणात विष घालतात, भिंतीतून आवाज येतात, असे मुद्दे असतील तर तो अर्ज शिस्तीचा विषय नाही. मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या.

मारहाणीच्या आरोपात ढिलाई सर्वात महाग पडते. वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी, आरोप असलेला कर्मचारी खोलीबाहेर ठेवून करा. दुखापतीची जागा, लांबी-रुंदी, रंग लिहून घ्या. वळ पंधरा दिवसांत विरून जातो. तीन आठवड्यांनी तपासून 'खुणा आढळल्या नाहीत' असे लिहिले, तर त्यातून आरोप खोटा ठरत नाही, फक्त तपास उशिरा झाला एवढे ठरते. कॅमेऱ्याचे चित्रण पहिल्याच दिवशी वेगळे काढून ठेवा, ते काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. 2017 च्या जूनमध्ये भायखळा महिला कारागृहात एका शिक्षा भोगणाऱ्या महिलेचा मृत्यू झाला, तेव्हा सोबतच्या बंदी महिलांनी केलेल्या आरडाओरड्यावर आधी दंगलीचा गुन्हा नोंदला गेला. पुढे कारागृहाच्याच सहा कर्मचारी महिलांना खुनाच्या गुन्ह्यात अटक झाली.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या 1955 च्या किमान नियमांत प्रत्येक तक्रारीला उत्तर देण्याच्या बंधनाला एक अपवाद होता : तक्रार उघडच क्षुल्लक किंवा निराधार असेल तर. 2015 मध्ये ते नियम सुधारून 'नेल्सन मंडेला नियम' झाले, तेव्हा हा अपवाद काढून टाकला. आता नियम 57 सांगतो की प्रत्येक तक्रारीची तातडीने दखल घ्यावी आणि उत्तर द्यावे. 'उघडच निराधार' हे न तपासता ठरवता येत नाही, म्हणून हा बदल आम्हाला पूर्णपणे पटतो.

प्रश्न : खोटी तक्रार करणाऱ्या बंदीला शिक्षा देता येते का? वॉर्डरचे मनोधैर्य खचते. (एक वरिष्ठ तुरुंगाधिकारी)

उत्तर : येते, पण कायद्यातला एक शब्द विसरू नका. कारागृह अधिनियम, 1894 च्या कलम 45 मध्ये कारागृहातील अपराधांची यादी आहे. त्यातला चौदावा अपराध म्हणजे अधिकाऱ्यावर किंवा दुसऱ्या बंदीवर जाणूनबुजून खोटा आरोप करणे. 'जाणूनबुजून' सिद्ध करायची जबाबदारी तुमची. आरोप सिद्ध झाला नाही आणि आरोप खोटा होता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वॉर्डर अमुक बराकीत होता असा आरोप आहे आणि ड्युटी रजिस्टर, हजेरी, चित्रण तिन्ही सांगतात की तो त्या दिवशी रजेवर गावी होता, शिवाय बंदीला ते माहीत होते, तर पुरावा झाला. साक्षीदार फिरले, एवढ्यावर नाही. बराकीतले साक्षीदार कोणत्या कारणाने फिरतात ते तुम्ही जाणता.

कलम 46 प्रमाणे शिक्षा अधीक्षक देतात, तीही चौकशीनंतर. कलम 51 प्रमाणे शिक्षा-पुस्तकात नोंद हवी; गंभीर अपराधात साक्षीदारांची नावे लिहावी लागतात. पुराव्याचा सारांश, बंदीचा बचाव आणि कारणांसह निष्कर्षही लिहून ठेवा. बचावाची जागा कोरी असलेली नोंद कोर्टात टिकणे कठीण. एकांत कोठडीचा विचार असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 1979 च्या सुनील बत्रा निकालानुसार सत्र न्यायाधीशांची तपासणी आधी हवी, आणि तातडीमुळे ते जमले नाही तर दोन दिवसांत त्यांना कळवले पाहिजे. फौजदारी कारवाईसाठी भारतीय न्याय संहितेची कलमे 217 आणि 248 आहेत. ती अगदी शेवटी वापरायची. एका बंदीवर अशी कारवाई झाली की साऱ्या सर्कलच्या (कारागृहाच्या त्या विभागाच्या) तक्रारपेट्या रिकाम्या होतात, आणि रिकामी पेटी म्हणजे तक्रार नाही असा अर्थ होत नाही.

वॉर्डरच्या मनोधैर्याचा प्रश्न खरा आहे. त्यावर उपाय : चौकशी लवकर संपवा आणि निर्दोष ठरल्यास त्याला त्याच आठवड्यात लेखी कळवा. महिनोन्‌महिने लोंबकळत्या चौकशीने माणूस जास्त खचतो.

प्रश्न : मी विधी सेवा प्राधिकरणाची वकील आहे. सवयीने दावे करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात कायदा आहे ना? अमेरिकेत तर तीनदा अर्ज फेटाळले की दार बंद, असे ऐकले.

उत्तर : आहे. महाराष्ट्र त्रासदायक वाद (प्रतिबंध) अधिनियम, 1971. महाधिवक्त्यांच्या अर्जावर, त्या व्यक्तीचे म्हणणे ऐकून, उच्च न्यायालय असा आदेश देऊ शकते की पुढची प्रकरणे परवानगीशिवाय दाखल करता येणार नाहीत. मात्र हा कायदा कोर्टातल्या कार्यवाहीपुरता आहे. अधीक्षकांकडचा अर्ज, तक्रारपेटी, न्यायाधीशांच्या भेटीतले सांगणे यांना तो लावता येत नाही.

अमेरिकेच्या 1996 च्या कायद्याप्रमाणे तीन दावे क्षुल्लक, दुष्ट हेतूचे किंवा कायद्याने न टिकणारे म्हणून फेटाळले गेले, तर कैद्याची कोर्ट-फी हप्त्यांनी भरायची सवलत जाते. दार पूर्ण बंद होत नाही, पण पूर्ण फी आधी मोजावी लागते. गंभीर शारीरिक इजेचा धोका समोर असेल तेवढाच अपवाद. शिवाय आधी तुरुंगातली तक्रार-यंत्रणा मुदतीत संपवावी लागते. 2006 च्या वुडफोर्ड विरुद्ध एन्गो निकालानंतर त्या यंत्रणेतली मुदत चुकली तर दावा बुडतो. अशी पद्धत आपल्याकडे येऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. तिथे आज काय घडले यापेक्षा आधी किती वेळा हरलात हे मोजले जाते. आपल्याकडचा मुख्य निकाल नेमका उलट मार्गाने आला. तिहारमधल्या सुनील बत्रा या बंदीच्या याचिकेवर 1978 मध्ये निकाल झाला होता. त्यानंतर त्याच माणसाने पुन्हा पत्र लिहिले, या वेळी दुसऱ्या बंदीच्या छळाबद्दल. 'पुन्हा हाच' म्हणून ते पत्र बाजूला पडले असते, तर डिसेंबर 1979 चा निकाल झाला नसता, आणि जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीशांच्या देखरेखीखालच्या तक्रारपेट्यांचा आदेशही आला नसता.

प्रश्न : माझा मुलगा आत आहे. औषधाबद्दल चार अर्ज दिले, उत्तर नाही. जास्त लिहिले तर त्याला 'उपद्रवी' ठरवतील अशी भीती वाटते. (एक आई)

उत्तर : ताई, पाचवा अर्ज द्यायला सांगा, पण वेगळ्या पद्धतीने. एका अर्जात एकच विषय. औषधाचे नाव, शेवटचे कधी मिळाले ती तारीख, बराक क्रमांक, कुणाला सांगितले, आता काय होते आहे, आणि शेवटी एकच मागणी : 'आज वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावे.' वॉर्डरच्या स्वभावाविषयी त्यात एक अक्षरही नको. आवक क्रमांक मागून घ्यायचा आणि तो मुलाखतीत तुम्हाला सांगायचा. बाहेरच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी असेल तर तिची प्रत तुम्ही अधीक्षकांना पोचपावतीसह द्या.

त्याच दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना पत्र द्या किंवा 15100 वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. माहिती अधिकारातही अर्ज करता येतो : शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील असल्यास माफ, मजकूर 150 शब्दांच्या आत, विषय एकच. जीविताशी संबंधित माहिती 48 तासांत द्यावी लागते, म्हणून 'जीविताशी संबंधित' हे शब्द अर्जाच्या अगदी वर लिहा. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत जायला हवे. तिथे निनावी किंवा मोघम अर्ज चालत नाहीत, तेव्हा चारही जुन्या अर्जांच्या तारखा त्यात घाला.