सेंट लुईस पाहायचं तर नदीपासून सुरुवात करा

मिसिसिपीकाठच्या सेंट लुईस शहराविषयी आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : मुलगा सेंट लुईसला नोकरीला आहे. सप्टेंबरात आम्ही दोघं जातोय. तिथल्या कमानीच्या वर जायची फार इच्छा आहे, पण ह्यांचे गुडघे दुखतात आणि मला लिफ्टमध्येसुद्धा घुसमटल्यासारखं होतं. झेपेल का?
– एक वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : ही कमान, म्हणजे गेटवे आर्च, ६३० फूट उंच आहे आणि तिच्या दोन पायांमधलं अंतरही तेवढंच. पाय वरपर्यंत वाकत जातात, त्यामुळे आत सरळ लिफ्ट बसत नाही. म्हणून दोन्ही पायांत एक-एक छोटी ट्राम बसवली आहे. तिला आठ डबे, आणि प्रत्येक डब्यात पाच माणसं. मार्ग तिरका होत जाईल तसा डबा थोडा फिरून पातळी धरतो. त्या वेळी खट्ट आवाज होतो आणि हलका हिसका बसतो. काही बिघडलेलं नसतं, फक्त आधी माहीत असावं. वर जायला चार मिनिटं लागतात, उतरायला तीन.

आता गुडघ्यांचं. ट्रामशिवायही सहा टप्प्यांत मिळून किमान ९६ पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात. डब्याचं दार जेमतेम चार फूट उंच, म्हणजे कमरेत वाकूनच आत शिरायचं आणि तसंच बाहेर यायचं. वर बसायला खुर्च्या नाहीत, स्वच्छतागृह नाही, चाकाची खुर्ची तर नेताच येत नाही. गर्दी असली की परतीच्या ट्रामसाठी उभं राहावं लागतं. जिना धरून दोन मजले चढणाऱ्याला हे जमतं. ज्याला एक मजलाही जड जातो त्याने हट्ट करू नये. तुमचा प्रश्न वेगळा आहे. खाली डब्याची प्रतिकृती ठेवलेली आहे, तिच्यात वाकून बसून बघा. तिथेच अस्वस्थ वाटलं तर वर जाऊ नका. कमानीखालचं संग्रहालय विनामूल्य आहे आणि ते पाहायला दोन तास सहज जातात. एकाने वर जावं, दुसऱ्याने संग्रहालय पाहावं, यात काही चुकल्यासारखं वाटून घेऊ नका.

तिकिटावर ट्रामची वेळ छापलेली असते. आधीच ऑनलाइन काढा, सुट्टीच्या दिवशी आयत्या वेळी मिळेलच असं नाही. प्रवेशद्वार नदीकडे नाही, पश्चिमेला जुन्या कोर्टाच्या बाजूला आहे. आत शिरताना विमानतळासारखी तपासणी होते, म्हणून निदान अर्धा तास आधी पोहोचा आणि पर्समधला चाकू, अडकित्ता घरी ठेवा. दुपारनंतरची वेळ घेतली तर ऊन पाठीशी राहतं. पूर्वेच्या खिडक्यांतून नदी स्पष्ट दिसते, आणि कमानीची सावली नदीच्या दिशेने लांबत गेलेलीही दिसते. खिडक्या मात्र अरुंद आहेत, २७ इंच रुंद आणि ७ इंच उंच. त्यांच्यावर पोटावर रेलून खाली पाहावं लागतं.

वर गेलात तर छताच्या मध्यभागी जरा थांबा. कमानीचा शेवटचा तुकडा २८ ऑक्टोबर १९६५ रोजी तिथेच बसला. उन्हाने दक्षिणेचा पाय प्रसरण पावला होता आणि फटीत तुकडा बसेना, तेव्हा अग्निशमन दलाने त्या पायावर पाण्याचा मारा करून तो थंड केला. वास्तुकार एरो सारिनेन हा दिवस पाहायला नव्हते, ते १९६१ मध्येच वारले.

प्रश्न : नदीकाठचं जुनं शहर म्हटलं की आम्हा इंदूरकरांना महेश्वरचा घाट आठवतो. सेंट लुईसच्या फोटोंत मात्र नदीकाठी फक्त हिरवळ आणि कमान दिसते. जुनं शहर गेलं कुठे?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : अगदी योग्य शंका. जुनं शहर त्या हिरवळीच्याच जागी होतं. १७६४ मध्ये पियेर लाक्लेद या फ्रेंच व्यापाऱ्याने केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी हे गाव वसवलं. मिसुरी नदी मिसिसिपीला मिळते त्या संगमाच्या थोडं खाली, पश्चिम काठावर, आणि पुराचं पाणी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर. १८४९ मध्ये धक्क्यावरच्या ‘व्हाइट क्लाउड’ या आगबोटीला आग लागली, ती गावात पसरली आणि काठाचा मोठा भाग जळाला. पुन्हा उभं राहिलेलं शहर पुढे, ज्यात आज कमान आहे त्या स्मारकासाठी पाडलं गेलं, जवळजवळ चाळीस चौक. आमच्या मते हे फार मोठं नुकसान आहे, आणि कमान पाहताना ते मनात असायला हवं.

तरी घाट अजिबात नाही असं नाही. कमानीच्या पायऱ्या उतरून खाली गेलात की दगडी फरसबंदीचा उतार थेट पाण्यात जाताना दिसेल. आगबोटी इथेच नाक लावून उभ्या राहत. पाण्याची पातळी सतत खालीवर होते, म्हणून उभा धक्का न बांधता उतार ठेवला. दगड गुळगुळीत आणि गाळाने निसरडे असतात, चपला नकोत, बूट घालून उतरा.

निघायच्या आदल्या दिवशी राष्ट्रीय हवामान खात्याच्या संकेतस्थळावर सेंट लुईसची नदीपातळी पाहा. ३० फूट ही पूरपातळी. आकडा त्याच्या आसपास गेला की काठावरचा रस्ता बंद होण्याची आणि तासाभराच्या नौकाविहाराच्या फेऱ्या रद्द होण्याची शक्यता असते. १ ऑगस्ट १९९३ रोजी पाणी साडेएकोणपन्नास फुटांवर गेलं होतं. पातळी उणे दिसली तर नदी आटली असं समजू नका. मोजपट्टीचं शून्य म्हणजे एक ठरवलेली खूण, नदीचा तळ नव्हे. पूर बहुधा वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी सहसा खाली असतं आणि दगडी उतार जास्त उघडा पडतो.

उत्तरेला चालत पाच-दहा मिनिटांवर ईड्स पूल आहे, तो अजिबात चुकवू नका. १८७४ चा हा पूल, आणि एवढ्या मोठ्या बांधकामात पोलाद मुख्यत्वे वापरण्याची ही पहिली वेळ. खांब वाळूखालच्या खडकापर्यंत न्यायचे म्हणून मजूर दाबाखालच्या हवेच्या पेटीत उतरून खोदत. वर येताना दाब झपाट्याने उतरला की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होत, सांधे आखडत. त्यात पंधराजण दगावले. खुला होण्याआधी पुलाच्या मजबुतीची लोकांना खात्री पटावी म्हणून त्यावरून हत्ती चालवला. आज वरून मोटारी व पादचारी जातात आणि खालच्या मजल्यावरून मेट्रोलिंक ही शहरी रेल्वे. पुलावरून कमान आणि नदी दोन्ही एका नजरेत येतात.

जुन्या कोर्टात ड्रेड स्कॉट या गुलाम माणसाने स्वातंत्र्यासाठी दाखल केलेला खटला चालला. १८५७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो हरला, आणि यादवी युद्धाकडे नेणाऱ्या वादात त्या निकालाने तेल ओतलं. नूतनीकरणानंतर ही इमारत २०२५ मध्ये पुन्हा उघडली आहे.

प्रश्न : एक दिवस मोकळा आहे. लेखक मार्क ट्वेनचं बालपणीचं गाव हॅनिबल पाहावं की कहोकियाच्या टेकड्या?
– एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : कहोकिया. हॅनिबल मोटारीने जायला दोन तास, यायला दोन तास. कहोकिया नदीपलीकडे इलिनॉय राज्यात आहे, शहरातून पंधरा-वीस मिनिटांवर. हजार वर्षांपूर्वी तिथे मोठं नगर होतं. ‘मंक्स माउंड’ ही सुमारे शंभर फूट उंच टेकडी माणसांनी टोपल्यांनी माती वाहून उभी केली, बैलगाडी किंवा चाक न वापरता. १९८२ पासून कहोकिया जागतिक वारसास्थळ आहे. वर पायऱ्यांनी चढता येतं आणि स्वच्छ हवेत क्षितिजावर कमान दिसते. सावली नाही, म्हणून सकाळी जा, टोपी आणि पाणी घ्या. माहिती केंद्र २०२२ पासून दुरुस्तीसाठी बंद ठेवलं होतं, ते उघडलं आहे का हे निघण्याआधी पाहून घ्या.

उरलेल्या अर्ध्या दिवसात फॉरेस्ट पार्क. तिथलं प्राणिसंग्रहालय, कलासंग्रहालय आणि इतिहास संग्रहालय तिन्ही विनामूल्य आहेत, कारण खर्चाचा मोठा वाटा शहर व परगण्यातल्या मालमत्ता करातून येतो. प्राणिसंग्रहालयाच्या वाहनतळाला मात्र पैसे पडतात. कुठेही गाडी लावली तरी सीटवर पिशवी, फोन किंवा पासपोर्ट ठेवू नका. काच फोडून चोरी होते.

प्रश्न : शाकाहारी माणसाने तिथलं काय खावं? आणि हवेचं काही विशेष?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : तळलेली ‘टोस्टेड राव्हिओली’, म्हणजे सारण भरलेले पास्त्याचे तुकडे, ही तिथली खासियत, पण आत बहुधा गोमांस असतं. चीजची मिळते का, हे विचारूनच मागवा. कडक, पातळ पोळीचा स्थानिक पिझ्झा प्रोव्हेल चीजचा असतो, वर फक्त भाज्या सांगता येतात. अंडं चालत नसेल तर ‘गूई बटर केक’ आणि ‘फ्रोझन कस्टर्ड’ दोन्ही टाळा. कस्टर्डमध्ये पिवळा बलक असतोच.

जुलै-ऑगस्ट दमट आणि तापलेले, जानेवारी गोठवणारा. एप्रिल-मे छान, पण तेव्हा टोर्नेडोंचा, म्हणजे भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या वादळांचाही मोसम असतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी ११ वाजता वादळाच्या इशाऱ्याचे भोंगे वाजले तर ती चाचणी. इतर वेळी वाजले तर तळघरात जा, तळघर नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावर खिडकी नसलेल्या खोलीत, आणि इशारा मागे घेतल्याशिवाय बाहेर येऊ नका.