शेजारणीची चाहूल

प्रश्न : मेंदूतल्या संरक्षक पेशी चेतापेशींशी ‘बोलतात’ म्हणे. तोंड कुठे असतं त्यांना? – एक वाचक, मिरज

उत्तर : तोंड नाही, फांद्या असतात. या पेशी म्हणजे मायक्रोग्लिया. स्पेनच्या रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखल्या. ‘मेंदूच्या सफाई कामगार’, एवढंच मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. अर्धवटच शिकवलं म्हणायचं. २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत दिसलं, की त्या फांद्या सतत आजूबाजूला चाचपडत असतात. चेतापेशी फार चेकाळल्या की एटीपी, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारं रसायन, बाहेर पडतं. मग मायक्रोग्लियाची फांदी तिकडे वळते, एटीपीपासून अ‍ॅडेनोसिन तयार होतं आणि चेतापेशी शांत होते. चेतापेशीही निरोप धाडते, फ्रॅक्टल्काइन नावाच्या प्रथिनातून : ‘इथं ठीक आहे, भडकू नकोस.’