सात सक बेचाळीस

‘‘मॅडम, मी भावावर हात उचलला.’’ माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीत बसायच्या आधीच ती बोलून मोकळी झाली. गोव्यातल्या डिचोलीकडची, सतरा वर्षांची, बारावीतली. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.)

भाऊ नऊ वर्षांचा. घरात सगळे त्याला बाबू म्हणतात. संध्याकाळी सातचा पाढा चालला होता आणि ‘सात सक’ला तो चौथ्यांदा अडला. हिने कंपासपेटी भिंतीवर आपटली, त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो रडला नाही. खाली बसून पेन्सिली गोळा केल्या आणि उंचीप्रमाणे ओळीत लावून ठेवल्या.

‘‘रडला असता तर बरं झालं असतं,’’ ती म्हणाली. ‘‘मैत्रिणींशी मी कधी वर आवाजात बोलत नाही. त्याच्याशीच अशी का वागते? मी मुळातच वाईट ताई आहे का?’’

थोरल्यांकडून हा प्रश्न मी पुष्कळदा ऐकते. पालक आणतात ते बहुधा धाकट्याला, ‘हट्टी झालाय’ म्हणून. थोरली सोबत आलेली असते, पाण्याची बाटली सांभाळत.

धाकटं आलं की पहिलं मूल म्हणजे गादीवरून उतरवलेला राजा, असं मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर म्हणत. हिच्या बाबतीत मला ते पटेना. हिच्या गळ्यात तर नको असलेली गादी पडली होती. 2018 च्या मार्चमध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या आणि खनिज वाहणारा वडिलांचा ट्रक दारात उभा राहिला. पुढे तो विकला, वडील वेर्ण्याला ड्रायव्हर म्हणून लागले, आई कारखान्यात शिफ्टला. बाबू तेव्हा दुडुदुडु चालत होता आणि ही जेमतेम दहाची. तेव्हापासून घरात एकच वाक्य : ‘‘बाय, बाबूक पळय.’’ (बाय, बाबूकडे बघ.)

‘राग आला की दहा आकडे मोज’ असं मी तिला सांगितलं नाही. साडेसातला भात टाकून, स्वतःची जर्नल अर्धवट ठेवून जी पाढा घ्यायला बसते, तिला आकडे आणखी कशाला? मी विचारलं, तो पाढा कुणालाच म्हणून दाखवत नाही का? तर दुपारी आजीला घडाघडा म्हणून दाखवतो! हिच्यासमोर मात्र अडतो. समोरच्याचा चेहरा चढलेला दिसला की मुलाचं अर्धं डोकं त्या चेहऱ्याकडेच लागतं. मग बेचाळीस कुठून आठवणार?

आईला बोलावून घेतलं. पाढे यापुढे वडील घेतील, रात्री जेवताना, असं मी सुचवल्यावर ती पटकन म्हणाली, ‘‘मग थोरली कशाला?’’ मला तिचा राग आला नाही. ती स्वतःही चार भावंडांत थोरली होती, हे नंतर कळलं.

मुलीला दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली, माफी माग, पण त्यात ‘पण’ नको. ‘सॉरी, पण तू लक्ष देत नाहीस’ ही माफी नव्हे. तिने तसं केलं. बाबूचं उत्तर : ‘‘पेटीचं बिजागर तुटलंय.’’ दुसऱ्या दिवशी तिने ते चिकटवलं, जमलं नाही, मग दोघांनी मिळून रबरबँड लावला.

दुसरी, त्याला तुझ्यापेक्षा जास्त येतं असं एक काम शोध आणि त्यात त्याच्या हाताखाली राहा. यावर ती बराच वेळ गप्प होती. असं काही असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

चवथीनंतर आली ती हसतच. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायला यंदा आजोबांनी बाबूला घेतलं होतं. केवणीच्या, म्हणजे एका रानझाडाच्या सालीच्या, दोराची गाठ त्याला पक्की येते. ही खाली उभी राहून सुपारीचं शिपटं (घड), आंबाडे, कांगलां अशी रानफळं वर देत होती. एक कांगल तिने स्वतः बांधून पाहिलं. गाठ सुटली, फळ खाली.

‘‘आणि तो काय म्हणाला, माहितीय? ‘ताई, परत कर. लक्ष कुठंय तुझं?’ अगदी माझ्या आवाजात, मॅडम! फक्त धपाटा नाही घातला.’’