लस घेऊनही माकडताप का येतो? मुलीच्या या प्रश्नावर करिअर उभं राहील का?

पत्र (थोडक्यात): "आमची सत्तरीत काजूची बागायत आहे. मुलगी म्हापशाला राहून बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला शिकते. वाड्यावर माकडतापाची लस द्यायला आरोग्य केंद्राचे लोक यायचे. लस घेतलेल्या एकदोघांनाही ताप आला, ते तिच्या डोक्यात बसलंय. आता म्हणते, इम्युनॉलॉजीत संशोधन करणार, शरीराची प्रतिकारयंत्रणा हवी तशी कमी-जास्त कशी करायची ते शिकणार. माझे मेहुणे म्हणतात बीएड करू दे, नाहीतर वेर्ण्याला कंपनीत लागू दे. संशोधनात पोट भरतं का? किती वर्षं लागतात? गोव्यात राहून होईल का? बागायतीचा तुकडा विकायची वेळ येईल का?" – एक पालक, वाळपई

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात चार प्रश्न तुमचे आहेत आणि एक मुलीचा. तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं तिच्या एका प्रश्नाशी बांधलेली आहेत, म्हणून आधी तिचा घेते.

गोव्यात माकडताप (क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, गोचिडींतून माणसाला होणारा विषाणूचा ताप) पहिल्यांदा आढळला तो २०१५ मध्ये, तुमच्याच तालुक्यातल्या पाळी गावात. काजूच्या हंगामात बागायतीत राबणारी माणसं आजारी पडली. हे तुम्हाला मी सांगायला नको. आजार मूळचा शिमोगा जिल्ह्यातला. १९५७ मध्ये क्यासनूरच्या रानात माकडं मरू लागली, माणसं तापाने पडू लागली, तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजीने (एनआयव्ही), त्यामागचा विषाणू शोधून काढला. त्यावरची लस निष्क्रिय केलेल्या विषाणूची होती. महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर आणि पुढे दर वर्षी एक. कर्नाटकातल्या २००५ ते २०१० या काळातल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या तेव्हा दोन डोस घेतलेल्यांत संरक्षण साधारण ६२ टक्के आणि बूस्टरही घेतलेल्यांत साधारण ८३ टक्के भरलं. म्हणजे लस टोचून घेतलेल्या माणसाला ताप येणं हा वाड्यावरच्यांचा गैरसमज नव्हता. पुढे ती लस थांबवली गेली. नव्या लसीवर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) काम चालू आहे.

तुमच्या मुलीने हे कागदावर वाचून नव्हे, माणसं बघून हेरलं. शेवटच्या वर्षाची मुलं माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांना विषयाचं नाव आवडलेलं असतं, प्रश्न कुणाकडेच नसतो. हिच्याकडे तो आहे. लस दिल्यावर शरीरात अँटिबॉडी (विषाणूला पकडणारी प्रथिनं) किती तयार होतात, त्या किती महिन्यांत ओसरतात, विषाणू ओळखून ठेवणाऱ्या बी आणि टी या पांढऱ्या रक्तपेशींची स्मृती का टिकत नाही, साठीच्या माणसात आणि विशीच्या माणसात काय फरक पडतो, हे सगळं शोधणं म्हणजेच इम्युनॉलॉजी.

आता ती म्हणते त्या कमी-जास्त करण्याबद्दल. कोविडच्या काळात दुकानादुकानांत 'इम्युनिटी बूस्टर' लागले होते, त्यामुळे लोकांची समजूत अशी झाली आहे की प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी बरी. तसं असतं तर संधिवात नसता. रुमेटॉइड संधिवातात आणि टाइप १ मधुमेहात शरीराची यंत्रणा शरीरावरच उलटते. तिथे तिला आवरावं लागतं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला सायक्लोस्पोरिनसारखी औषधं देऊन ती दाबून ठेवावी लागते, आणि मग साध्या जंतूंचीही भीती असते. उलट कर्करोगाच्या काही उपचारांत यंत्रणेचा ब्रेक मुद्दाम काढतात. त्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं. ब्रेक काढला की गाठ आकसते, पण काही रुग्णांत आतडं किंवा थायरॉइड सुजतं. दोन्ही बाजूंनी तोल सांभाळायचा, असं हे काम आहे, आणि जगभरच्या प्रयोगशाळा सध्या त्यातच गुंतल्या आहेत. आपल्याकडेही आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून नेक्सकार१९ ही कार-टी उपचारपद्धती उभी राहिली. रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून, बदलून, परत शरीरात सोडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली.

किती वर्षं लागतात, या तुमच्या प्रश्नाचं सर्वात प्रामाणिक उत्तर २०२५ च्या नोबेलमध्ये आहे. शिमोन साकागुची यांचा दावा होता की यंत्रणेला आवरणाऱ्या टी पेशींचा एक वेगळा गट शरीरातच असतो. १९८० च्या दशकात अशा पेशींची जुनी कल्पना मोडीत निघाली होती आणि त्या विषयाकडे फारसं कुणी फिरकत नव्हतं. ते चिकटून राहिले. १९८५ च्या शोधनिबंधापासून १९९५ मध्ये त्या पेशींची खूण पटेपर्यंत दहा वर्षं गेली. मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये आजारी उंदरांच्या एका जातीत फॉक्सपी३ हे जनुक शोधलं आणि २००३ मध्ये दोन्ही धागे जुळले: साकागुचींच्या पेशी घडतात त्या याच जनुकामुळे. नोबेल मिळालं ते आणखी बावीस वर्षांनी. तुमच्या मुलीने नोबेलचं स्वप्न बघावं म्हणून हे सांगत नाही. या क्षेत्रात उत्तर हाती लागायला इतका काळ जातो, हे घरातल्या सगळ्यांना आधीच ठाऊक असलेलं बरं.

रोजचं काम कसं असतं, तेही ऐका. सकाळी रक्ताचे नमुने येतात, त्यातून पेशी वेगळ्या करायच्या, त्यांना रंगीत खुणा लावायच्या, फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रातून एकेक पेशी मोजायची. पेशी जिवंत असतात, त्यामुळे शनिवार-रविवार, चतुर्थीची सुट्टी असं काही त्यांना कळत नाही. मग संगणकावर आकडे उलगडायचे; आर किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आल्याशिवाय आता चालत नाही. चार महिन्यांचा प्रयोग फसला तर पुन्हा पहिल्यापासून. आणि ज्याबद्दल घरात कुणी बोलत नाही ती गोष्ट: बहुतेक इम्युनॉलॉजी प्रयोगशाळांत उंदरांवर काम चालतं. त्यांना पाळावं लागतं, टोचावं लागतं आणि प्रयोगाच्या शेवटी मारावंही लागतं. नियम कडक आहेत, नैतिकता समितीची मंजुरी लागते, तरी हात तिचेच असतात. काही हुशार मुली इथेच थांबतात, आणि त्यात कमीपणा नाही. नुसत्या माणसांच्या नमुन्यांवर किंवा नुसत्या संगणकावर चालणारं कामही आहे. पण हे तिला एमएस्सीनंतर कळण्यापेक्षा आता कळू द्या.

पैशाचं स्पष्ट लिहिते. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढची तीन वर्षं ४२,०००, शिवाय वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. त्यानंतर रिसर्च असोसिएटची सुरुवात ५८,००० पासून. कायमची नोकरी साधारण तेहतीस-पस्तिशीत, आणि प्राध्यापकाच्या जागा कमी, इच्छुक जास्त. फेलोशिपचे पैसे कधी कधी महिनोन्‌महिने उशिरा हातात पडतात, तेव्हा घरचा आधार लागतो. पोट भरतं, पण बचत उशिरा सुरू होते. बागायत मात्र विकू नका. पीएचडीला देशात घरून पैसे घालावे लागत नाहीत, आणि सरकारी संस्थेतल्या एमएस्सीचा खर्च तुकडा विकण्याएवढा नसतो. लाखो रुपये मागणाऱ्या खासगी विद्यापीठाच्या 'एमएस्सी इम्युनॉलॉजी'च्या जाहिराती येतील, तिथे जाऊ देऊ नका. विषयाच्या नावाची पदवी असलीच पाहिजे असं या क्षेत्रात कुणी मानत नाही. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, बायोकेमिस्ट्री, झूलॉजी, अगदी एमबीबीएस करूनही लोक इथे येतात. एमएस्सी कुठल्या प्रयोगशाळेत हात बसवून केली, ते बघितलं जातं.

गोव्यात राहून होईल का? सुरुवात होईल. गोवा विद्यापीठात मायक्रोबायोलॉजी आणि बायोटेक्नॉलॉजी आहे, झुआरीनगरला बिट्स पिलानीच्या कॅम्पसमध्ये बायोलॉजिकल सायन्सेसचा विभाग आहे, गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) मलेरियाच्या रुग्णांवर आंतरराष्ट्रीय प्रकल्पातून संशोधन झालं आहे. पण पीएचडीसाठी तिला गोव्याची हद्द ओलांडून बरंच पुढे जावं लागेल. या सरकारी संशोधन संस्था बघा: पुण्याचं एनसीसीएस आणि आयसर, मुंबईचं आयसीएमआरचं इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थान, खारघरचं ॲक्ट्रेक, बंगळूरचं आयआयएससी, फरीदाबादचं टीएचएसटीआय, दिल्लीचं नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजी. माकडतापाच्या विषाणूवरच काम करायचं असेल तर उच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळा लागतात, त्या पुण्याच्या एनआयव्हीत आहेत. पुणं तुम्हाला परकं नाही. रात्री बसलं की सकाळी पोचता येतं.

मेहुण्यांचा सल्ला मी उडवून लावणार नाही. बीएड नंतरही करता येतं, त्याची घाई नाही. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतली नोकरी मात्र तिने नाक न मुरडता समजून घ्यावी. औषध कंपनीच्या मायक्रो विभागात इंजेक्शनमध्ये एंडोटॉक्सिन (जंतूंच्या आवरणातलं विष) आहे का ते तपासतात. त्या चाचणीचं पारंपरिक द्रावण हॉर्सशू क्रॅबच्या रक्तपेशींतून येतं. जंतूचा अंश लागताच ते गोठतं. समुद्रातल्या एका प्राण्याची कोट्यवधी वर्षांची प्रतिकारयंत्रणा परीक्षानळीत काम करत असते. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही (एनआयओ) भारतीय हॉर्सशू क्रॅबवर संशोधन झालं आहे. रोगनिदानाची साधनं बनवणाऱ्या कंपन्याही गोव्यात आहेत. टीबीच्या तपासणीचं ट्रूनॅट हे यंत्र वेर्ण्याचंच. यंदा कुठेच प्रवेश जमला नाही तर एक वर्ष तिथे काढणं म्हणजे वर्ष वाया गेलं असं समजू नका. कागदपत्रं काटेकोर ठेवण्याची सवय तिथे लागते, ती प्रयोगशाळेत फार उपयोगी पडते.

लग्नाचं तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण ओळींच्या मध्ये दिसलं. पीएचडी करत असताना लग्न करणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. रात्री अकराला इनक्युबेटर बघायला गेली तर ज्या घरात भुवया उंचावणार नाहीत असं घर बघा. एवढंच म्हणेन.

आता मुलीने करायचं काम. जीवशास्त्राच्या नेटमध्ये तेरा युनिटं असतात आणि इम्युनॉलॉजी त्यांतल्या चौथ्या युनिटाचा एक भाग आहे, तेव्हा बायोकेमिस्ट्री आणि जेनेटिक्सकडे पाठ फिरवून चालणार नाही. एमएस्सीसाठी गॅट-बी आणि जॅम या दोन्ही प्रवेश परीक्षा द्याव्यात. विज्ञान अकादमींच्या समर फेलोशिपचे अर्ज पावसाळा सरता सरता निघतात. त्यातून उन्हाळ्याचे दोन महिने एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत काढता येतात. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला तिने हे चुकवू नये.

पण त्याआधी, या सत्रातच, एक गोष्ट. माकडतापाच्या लसीवर प्रसिद्ध झालेले निबंध गोळा करायचे. बरेचसे इंटरनेटवर फुकट मिळतात. प्रत्येकात संशोधकांनी नेमकं काय मोजलं, अँटिबॉडी की टी पेशींचा प्रतिसाद, लस दिल्यावर किती दिवसांनी, किती माणसांत, याचा एक तक्ता करायचा. कुणीच काय मोजलेलं नाही ते शेवटी एका पानात लिहायचं. इंग्रजी अडखळत असेल तर आधी मराठीत लिहू दे, मग इंग्रजीत. या कामाचा दोन महिन्यांत कंटाळा आला तर पीएचडीचा विचार सोडायला हरकत नाही, आणि तुमचे पैसेही वाचले. रात्र रात्र जागून केलं तर मग मेहुण्यांना मी स्वतः फोन करीन.

तक्ता झाला की गोवा विद्यापीठातल्या किंवा बिट्समधल्या एखाद्या प्राध्यापकांना मेल करून सुट्टीत प्रयोगशाळेत काम मागायचं. मेल आठ ओळींच्या वर नको. 'मला संशोधनाची लहानपणापासून आवड आहे' हे वाक्य नको. ते सगळेच लिहितात. त्यांचा एक निबंध वाचून त्यावरचा एक प्रश्न आणि सोबत तो तक्ता. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करायची, आणि तरीही नाही आलं तर दुसऱ्यांना लिहायचं. तक्ता आधी मला पाठवला तरी चालेल, मी बघून देते.