मतलई वारा मतलबी नव्हे

प्रश्न असा आला आहे: 'ऑक्टोबर हीट'ला नेमका मराठी शब्द कोणता, 'शरदातला उष्मा' चालेल का? आणि त्याला शेपूट, शाळेत शिकलेल्या 'मतलई वाऱ्यां'चा मतलबाशी काही संबंध आहे का?

विचारणाऱ्या ताईंना हे दोन वेगळे प्रश्न वाटत असणार. वेंगुर्ल्यात वाढलेल्या माझ्यासारख्याला ते जवळजवळ एकच वाटतात. कसे ते सांगतो.

आधी पहिला. 'ऑक्टोबर हीट' आता मराठीच आहे. पेपरात देवनागरीत छापून येतं आणि भाजीवालीही म्हणते. अगदी देशी हवा असेल तर 'आश्विनातला उकाडा' म्हणा. 'उष्मा' बातम्यांत शोभतो. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला माणूस 'काय उष्मा आहे' म्हणत नाही, 'काय उकडतंय' म्हणतो. आणि 'शरद' म्हटलं की मराठी मनात आधी चांदणं पडतं, कोजागिरीचं आटीव दूध येतं. त्याच्या शेजारी घाम बसवला की दोघेही अवघडतात. (शरदाला 'ऑटम' समजून पानगळ घालणारे अनुवादक तर वेगळेच. आपली पानगळ शिशिरातली. कार्तिकात कोकणात गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं भात कापणीला आलेलं असतं आणि आंब्यांना पालवी असते.)

खरी अडचण 'ऑक्टोबर'चीच आहे, कारण उकाडा कॅलेंडर पाहून संपत नाही. मुंबईच्या नोव्हेंबरचं सरासरी कमाल तापमान मे महिन्याच्या आसपासच असतं, ३३-३४ अंश. फरक पडतो तो रात्रीत. मेच्या रात्री अंग टाकायला थंड जागा सापडत नाही; नोव्हेंबरात पहाटे पायाशी पडलेली गोधडी शोधावी लागते. असं का, याचं उत्तर वाऱ्यात आहे आणि इथेच मतलई येतो.

दिवाळी झालेली, तुळशीचं लग्न व्हायचं. आमच्या घरी न्हाणीच्या चुलीत सोडणं, म्हणजे नारळाची वाळकी सालं पेटवलेली असत. सकाळी सातला त्यांचा धूर माडांतून सरळ समुद्राकडे जायचा, कोणीतरी दोरीने ओढून नेल्यासारखा. अकरापर्यंत तो वर चढून तिथेच घुटमळायला लागे. झावळी हलत नसे. त्या दोन-अडीच तासांत आजी पदराने वारा घेत पडवीत बसून राही, जेवणाचंही कोणाला नाव काढू देत नसे. मग कधीतरी दीडच्या सुमाराला दोरीवरचं धोतर एकदम उलट्या बाजूला फुगायचं आणि आतून आवाज यायचा, "वारो फिरलो गे बाय, आता वाईच बरा वाटात."

फिरला म्हणजे काय? रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, तिच्यावरची हवा जड होते आणि समुद्राकडे वाहते. हा मतलई वारा. दिवसा जमीन लवकर तापते, तेव्हा समुद्रावरून आत येतो तो खारा वारा. मे महिन्यात खारा वारा लवकर येतो आणि जोरात येतो. पाऊस परतल्यावर मात्र जमिनीवरून, पूर्वेकडून येणारी हवा त्याला थोपवून धरते. खारा वारा जितका उशिरा, तितका पारा वर. म्हणजे ज्याला आपण ऑक्टोबर हीट म्हणतो, ती कोकण किनाऱ्यावर बरीचशी मतलई वारा हटत नाही म्हणून असते. आणि पहाटेचा गारवाही त्याचाच! शिडाच्या होड्यांच्या काळात पहाटे मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं, असा हिशेब होता.

आता व्युत्पत्ती. 'मतलब' अरबीतून फारसीमार्गे आला. त्याचा धातू त-ल-ब, शोधणं, मागणं. चहाची 'तलब' त्याच घरातली. 'मतलई'च्या मागे मात्र मला दुसरा अरबी शब्द दिसतो: 'मत्लअ', उगवण्याची जागा. गझलेच्या पहिल्या शेराला 'मतला' म्हणतात तो हाच. तिथून गझल उगवते. दोन्ही शब्दांत पहिली अक्षरं सारखी, फरक फक्त शेवटच्या व्यंजनाचा. म्हणून कानाला ते भाऊ वाटतात, पण आहेत शेजारी.

हा माझा तर्क आहे, पण भूगोल त्याच्या बाजूने आहे. अरब दर्यावर्दी ताऱ्यांच्या उगवतीच्या आणि मावळतीच्या जागांवरून दिशा मोजत. उगवतीच्या जागेला 'मत्लअ'च म्हणत. ते आपल्या बंदरांत शतकानुशतके येत होते. चौलला ते सैमूर म्हणत, आणि दहाव्या शतकात अल-मसूदी तिथे येऊन गेल्याचं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. 'मोसमी वारे'तला 'मोसम'ही अरबीच. तेव्हा किनाऱ्यावर, समुद्राकडे तोंड करून उभ्या माणसाच्या पाठीमागून, उगवतीकडून येणारा वारा तो मतलई. कोकणात जमीन पूर्वेलाच आहे, त्यामुळे 'उगवतीचा वारा' आणि 'जमिनीवरचा वारा' एकच झाले.

यातून एक गंमत निघते. चेन्नईत जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा मावळतीकडून येतो. तरी आपलं भूगोलाचं पुस्तक त्यालाही मतलईच म्हणतं, कारण शब्द पाठ्यपुस्तकात शिरला तेव्हा दिशा कोकणातच राहिली. परीक्षेत कोणी हे लिहू नये, मार्क जातील.

आमच्या घरी 'मतलई' कोणी म्हणत नसे, हेही कबूल करतो. मला तो सातवी-आठवीत पुस्तकातच भेटला आणि वर्गातल्या सगळ्यांसारखा मीही तो 'मतलबी' वाचला. घरी नुसता वारो होता, आणि तो फिरलो की नाही एवढंच विचारायचं असे.

ताई, तुमच्या वाक्यात उकाडाच ठेवा. त्याला कारण जोडायचं असेल तर 'दुपारचे दोन वाजले तरी खारा वारा आला नव्हता' असं लिहा. किनाऱ्यावरच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.