एट्रियल फिब्रिलेशन आपल्याकडं किती जणांना असतं?
तुम्ही विचारलंय की परदेशात हे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके आडवेतिडवे पडायचा आजार, लई कॉमन म्हणतात मग आपल्या परभणी-नांदेडकडं कुणाचं ऐकू कसं येत नाही. पहिली गोष्ट म्हणजे वय. कॅलिफोर्नियातल्या मोठ्या अभ्यासात (2001 ला आला होता) 55 च्या आतल्या हजारात एखाद्यालाच निघालं आणि ऐंशीच्या पुढं शंभरात नऊ जणांना. त्यातच पन्नाशीपुढच्या गोऱ्या लोकांत 2.2 टक्के अन काळ्या लोकांत 1.5 टक्के, आता ज्यानं हा आजार वाढतो ते बीपी तर काळ्या लोकांत जास्त असतं तरी हे कमी, याचं कोडं अजून पूर्ण सुटलं नाही. ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई लोकांतही गोऱ्यांपेक्षा कमीच सापडतं.

पण म्हणून आपण निवांत बसायचं नाही. आपल्याकडं लहानपणच्या रूमॅटिक तापानं (घशाच्या संसर्गानंतर येणारा, सांधे अन हृदयाला त्रास देणारा ताप) हृदयाचे वॉल्व्ह म्हणजे झडपा खराब होऊन तरुण बायामाणसांनाही हे होतं. शिवाय ठोके कधी बिघडतात कधी आपोआप नीट होतात, त्या वेळेला इसीजी काढला तरच सापडतं, अन गावाकडं छातीत धडधडलं की आजी म्हणती अशक्तपणा आहे, मग थेट लकवा मारल्यावरच कळतं, कारण यात लकव्याचा धोका जवळपास पाचपट होतो. घरी पासष्टीपुढचं कुणी असेल तर नाडी हातानं बघा, ठोके आडवेतिडवे लागले तर लगेच इसीजी काढून घ्या.