करिअर सल्ला : एमबीबीएस शिकता शिकता एमबीए?

प्रश्न : मी बेळगावात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे खानापुरात स्वतःचं हॉस्पिटल काढायचं मनात आहे. दोन पदव्या एकदम घेता येतात म्हणे. मग ऑनलाइन एमबीए आत्ताच उरकून टाकू का?
– एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : जमणार नाही, आणि अडचण वेळेची नाही, पात्रतेची आहे. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ पासून दोन पदव्यांना मुभा दिली हे खरं. पण एमबीएला आधी पदवी लागते, आणि तुमची पदवी साडेचार वर्षं अधिक वर्षभराची इंटर्नशिप झाल्यावरच हातात पडते. अमेरिकेत एमडी (म्हणजे तिथली आपल्या एमबीबीएससारखी पदवी) आणि एमबीए जोडीनं होतं, कारण तिथला विद्यार्थी पदवीधर होऊनच मेडिकलला येतो. इथे दुसऱ्या वर्षालाच एमबीए देतो म्हणणारा बहुधा नुसतं सर्टिफिकेट देत असतो.

दूरस्थ बीबीए किंवा बीकॉम करता येईल. मात्र कॉलेजची परवानगी लेखी घ्या, कारण यूजीसीची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांना धरूनच आहे. आमचं मत विचाराल तर त्या भानगडीत पडू नका. पुढे एमबीएला एमबीबीएस पुरेशी आहे, मग बीबीएची तीन वर्षं कशाला? शिवाय एमबीबीएसला थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेलाच बसता येत नाही.

त्यापेक्षा ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर अकाउंटिंगचा आठ-बारा आठवड्यांचा कोर्स करा. शिकणं फुकट, परीक्षा दिली तरच फी. आणि हॉस्पिटलच्या पोस्टिंगमध्ये असताना तिथल्या सरकारी आरोग्य योजनेच्या काउंटरवर जाऊन बसा. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. मंजुरी एका पॅकेजची (योजनेत ठरलेल्या उपचाराची) आणि डिस्चार्ज समरीत शस्त्रक्रिया भलतीच, असं झालं की हॉस्पिटलचा क्लेम अडकतो. औषधांचा, इम्प्लांटचा खर्च झालेला असतो, पैसे मात्र यायचे असतात. चंदगडहून आलेल्या पेशंटकडे तर रेशनकार्डच महाराष्ट्राचं. त्याला कुठली योजना लावतात, हेही तिथेच विचारा. खानापुरात हॉस्पिटल काढणाऱ्याला रोज हेच निस्तरायचं आहे.

प्रश्न : मुलगी इंटर्न आहे. एमबीएची प्रवेश परीक्षा कॅट आत्ताच द्यावी का?
– पालक, निपाणी

उत्तर : जरूर द्यावी. खुल्या गटाला पदवीत ५० टक्के गुण लागतात. फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात, परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. पेपर दोन तासांचा, तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटं. बारावीला गणित सोडलेल्यांचं घोडं बहुतेकदा टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग इथेच अडतं. आधी तेच हातात घ्यावं.

खरी मेख तारखांची. एमबीएचे वर्ग जूनच्या सुमारास सुरू होतात. इंटर्नशिप त्याआधी संपते का, ते पाहा. वर्षभरात १५ दिवसांच्या वर सुट्टी झाली की इंटर्नशिप तेवढी लांबते. तेव्हा अभ्यासासाठी सुट्ट्या उधळू नयेत. परीक्षेच्या दिवशी कॅज्युअल्टीची ड्यूटी नको, हे रोस्टर लागण्याआधीच युनिटला सांगून ठेवावं.